उतारावरचे पंचावन्न किलो

माझ्या नवऱ्याचं नाव फुलचंद. हे नाव आता फक्त सातबाऱ्यावर, आधार कार्डावर आणि माझ्या डोक्यात शिल्लक आहे. बाकी सगळं गाव त्यांना 'तीनशे ग्राम' म्हणतं.

झालं असं, की आमच्या राळेगाव तालुक्यात सोयाबीन घरात आलं की गावोगावी कबड्डीचे सामने भरतात, आणि ते वजनावर भरतात. आमच्या गावचा गट पंचावन्न किलोचा. सामन्याआधी प्रत्येकानं काट्यावर उभं राहायचं. पंचावन्नच्या आत भरला तो खेळणार, वर भरला तो मंडपात बसून शेंगदाणे खाणार. गेल्या वर्षी आमच्याच गावच्या संघाचा कॅप्टन, म्हणजे आमचे हे, जास्त भरले. यांनी बनियन काढली, करदोडा काढला, नखं कापली, थुंकून झालं. शेवटी न्हाव्याला बोलावून काट्यावर उभ्या उभ्या टक्कल करून घेतलं. टक्कल झाल्यानंतरचं वजन पंचावन्न किलो तीनशे ग्राम. खेळणं तर गेलंच, केसही गेले.

तेव्हापासून हे नाव. दुकानात तेच, चक्कीवर तेच, एका लग्नपत्रिकेत तर कंसात छापून आलं. मी तेही गिळलं. पण यंदा पोळ्याच्या सुमारास आमची सुरभी शाळेतून आली. तिसरीत आहे. दप्तर टाकलं आणि विचारलं, "बाबा, आपलं आडनाव तीनशे हाये का ग्राम हाये?"

हे उठून गोठ्यात गेले आणि स्वच्छ बैलाला पुन्हा धूत बसले. मला त्या दिवशी गावाचा असा राग आला की विहिरीवर कोणाशी धड बोलले नाही. दोन दिवसांनी यांनी मला सांगितलं, "दिपाली, यंदा पंचावन्नच्या आत. अन् साऱ्या गावासमोर."

सामन्याला नऊ दिवस उरले तेव्हा हे सत्तावन्न किलो नऊशे होते. चार भाकरी खाणारा माणूस एका भाकरीवर आला, आणि ती भाकरीही मी मोजून द्यायची. भाकरीचं टोपलं मी लोखंडी कपाटात दागिन्यांच्या शेजारी ठेवायचे आणि किल्ली कमरेला. ही व्यवस्था यांनीच करायला लावली होती आणि तिसऱ्या दिवसापासून हेच तिला शिव्या घालायला लागले. चौथ्या दिवशी हे कपाटाच्या फटीला नाक लावून उभे दिसले. सहाव्या दिवशी बैलाच्या सरकीच्या ढेपेकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर लग्नात त्यांनी माझ्याकडेही टाकली नव्हती. सातव्या दिवशी मला म्हणाले, "दिपाली, तू चांगली बाई हायेस, पन तुले भाकर म्हनावं वाटते." मी म्हटलं, म्हणा.

नवव्या दिवशी सकाळी चक्कीवरच्या काट्यानं दाखवलं चोपन्न किलो आठशे. पण चक्कीवरचा काटा कसा आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्याची साक्ष कोणी धरत नाही. खरं वजन ते सामने भरवणाऱ्या मंडळाच्या काट्यावरचं.

मंडळाचा काटा राळेगावहून जफरभाऊ आणतात. काटे दुरुस्त करण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. मोठा इलेक्ट्रॉनिक काटा, वर लाल आकडे, आणि सोबत शिक्का मारलेली लोखंडी वजनं, काटा बरोबर आहे की नाही ते तपासायला. दरवर्षी हा काटा शाळेच्या व्हरांड्यात मांडतात. पण गेल्या वर्षी मागच्या लोकांना आकडे दिसले नाहीत अशी तक्रार होती. म्हणून मंडळाचे अध्यक्ष पुंडलिकराव यांनी यंदा हुकूम सोडला, "काटा रॅम्पवर मांडा. साऱ्याईले दिसन."

आमच्या शाळेचा रॅम्प बघायला हवा. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या पोरांसाठी बांधला आहे, पण ज्यानं बांधला त्यानं सिमेंट वाचवायला इतका उभा बांधला, की खुर्ची वर नेली तर तिची तीच खाली येते. आजवर त्याचा उपयोग फक्त बेबीताईच्या बकरीला झाला आहे. त्या उतारावर काटा ठेवला तो घसरायला लागला, म्हणून खालच्या कडेला दोन विटा लावल्या. काटा अडकला, पण तिरपाच राहिला. हे मी पाहिलं तेव्हाच मला बोलायचं होतं. पण बायकांनी बोलावं कधी, सामन्याच्या जेवणाचे रोडगे थापून झाल्यावर. आणि त्या वेळी माझे दोन्ही हात कणकेत होते.

दुपारी बारा वाजता वजनं सुरू झाली. पहिला आला वणीच्या संघातला अंकुर, कोळशाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर. त्याच्या मांड्या पाहून साठच्या खाली बोलायला कोणाची जीभ रेटत नव्हती. तोही नुसता प्रयत्न म्हणून चढला होता, चपलाही काढल्या नव्हत्या. आकडा आला चोपन्न किलो सातशे. अंकुरनं वाकून आकडा पाहिला, मग आपलं पोट पाहिलं, मग आकाशाकडे पाहून हात जोडले.

त्यानंतर जो येईल तो पास. पुंडलिकरावांचा पुतण्या नयन, ज्याला काकांनीच 'यंदा तू पानी वाटजो' म्हणून सांगितलं होतं, तो चोपन्न दोनशे भरला. पुंडलिकरावांनी माईक घेतला आणि जाहीर केलं, "हा आपल्या गावच्या पान्याचा गुन हाये!" ही बातमी मंडपात पोचली तशा बायका उठल्या. सरपंच विमलताई दोन वर्षं रोज सकाळी डांबरी रस्त्यावर चालतात आणि पाव किलोही उतरत नाही. त्या रॅम्पवर चढल्या आणि सहा किलोनं हलक्या होऊन रडत खाली आल्या. मग बेबीताईनं बकरी आणली. बकरी तिथली रोजचीच, ती शांत उभी राहिली. तीही दोन किलोनं उतरलेली निघाली. तिला सकाळपासून चारा कमी पडला का, यावर बेबीताई आणि तिच्या सुनेचं भांडण लागलं.

आणि मग माईकवर पुकारा झाला, "तीनशे ग्राम!" लोक हसले. हे चड्डी-बनियनवर पुढे आले. गाल आत गेलेले, डोळे मोठे झालेले. काट्यावर पाय ठेवण्याआधी त्यांनी काट्याला हात लावून नमस्कार केला.

आकडा आला पन्नास किलो आठशे.

हे आकड्याकडे बघत राहिले. हळूहळू मला त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब उतरताना दिसला. वणीचा अंकुर सकाळी वडापाव खाऊन आला होता, तरी पास. नयन तर दोन थाळ्या जेवला होता. म्हणजे यांनी चार किलो जास्तीचा उपास केला. नऊ दिवस कपाटाच्या फटीला नाक लावलं ते कशासाठी?

"शाब्बास रे!" म्हणत पुंडलिकरावांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ठेवला तो जोरात. आकडा उडी मारून छप्पन्नवर गेला.

"बाद!" वणीवाले ओरडले.

हे जागीच पांढरे पडले. जफरभाऊ ओरडले, "अध्यक्षसाब, हात काढा! हात का वजन आ रहा!" हात काढला, आकडा पन्नास आठशेवर आला. पुंडलिकरावांनी स्वतःच्या हाताकडे जरा आदरानं पाहिलं.

आता मात्र मला राहवलं नाही. कणकेचे हात तसेच घेऊन मी रॅम्पपाशी गेले. मी राळेगावला बारावी सायन्स केलं आहे. लग्नात सासूबाईंनी हे सगळ्यांना सांगितलं होतं आणि त्यानंतर मला कोणी कधी काही विचारलं नाही.

"मामाजी," सासऱ्याच्या जागी असलेल्या पुंडलिकरावांना मी म्हटलं, "काट्याले आपलं वजन कळत नाई. जमीन आपल्याले किती रेटून राह्यली, तेवढंच त्याले कळते."

"जमीन कायले रेटन? आपून जमिनीवर उभे हावो."

"पृथ्वी खाली ओढून राह्यली न आपल्याले? मंग आपून खाली काहून जात नाई? जमीन खालून रेटा देते म्हून. सपाट जाग्यावर जेवढी ओढ तेवढाच रेटा, म्हून आकडा बराबर येते. इथं उतार हाये. उतार सरळ वर रेटत नाई, सोताच्या अंगाशी काटकोनात, तिरपा रेटते. म्हून आकडा कमी. बाकीचं तळपायाच्या घासन्यानं धरून ठेवलं हाये, म्हून मानूस घसरत नाई. तुमी आता हात दाबला, तवा काट्याले जास्त रेटा द्या लागला, म्हून आकडा वाढला. वजन तेवढंच हाये सगळ्याईचं."

मग पुंडलिकरावांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ते विचार करत होते. हे त्यांचं फार वाईट लक्षण आहे.

"म्हंजे," ते म्हणाले, "पृथ्वी आपलं काम बराबर करून राह्यली?"

"हो."

"अन् हा रॅम्प कमी रेटून राह्यला?"

"हो."

"रॅम्प सरकारी हाये." त्यांनी सगळ्यांकडे वळून हात पसरले. "सरकारी कामात रेटा कमीच राह्यते! त्यात पोट्ट्याईचा काय दोष?"

टाळ्या पडल्या. मी म्हटलं, काटा खाली सपाट ओट्यावर घ्या, सगळ्यांची पुन्हा वजनं करा. टाळ्या थांबल्या. आठ संघांतल्या छप्पन्न खेळाडूंनी एकमेकांच्या पोटाकडे पाहिलं. नयन काकांच्या मागे सरकला.

"सूनबाई," पुंडलिकराव गोड आवाजात म्हणाले, "नवरा बारीक झाला तं आता काट्याले नावं? नाचता येईना अंगन वाकडं."

"मामाजी, इथं अंगणच वाकडं हाये!"

पण तोवर समिती बसली होती. समिती म्हणजे पुंडलिकराव, विमलताई आणि प्रत्येक संघाचा एक माणूस. ठराव मी शब्दशः सांगते, कारण तो फळ्यावर लिहिला होता: 'या स्पर्धेपुरते जमिनीचा रेटा हेच वजन मानण्यात यावे, व पृथ्वीच्या ओढीचा विचार पुढील वर्षी करण्यात यावा.' विमलताईंनी सूचना मांडली आणि वणीनं अनुमोदन दिलं. विरोधात कोणी आहे का, असं विचारलं तेव्हा आमचे हे हात वर करायला गेले, पण अर्ध्यावरच हात थकून खाली आला. ठराव एकमतानं मंजूर झाला. कोणी काटा सपाटीवर नेऊ नये म्हणून तो रॅम्पच्या कठड्याला बैलाच्या साखळदंडानं बांधून टाकला.

हे पुंडलिकरावांपुढे जाऊन उभे राहिले. "काका, बाकीच्याईचं राहू द्या. मलेच एकट्याले सपाट जाग्यावर करा. खेळू नका देऊ वाटल्यास. फक्त सगळ्याईले पाहू द्या, मी पंचावन्नच्या आत हावो."

"अरे, तू आत हायेसच न! पन्नास आठशे!"

"असं आत तं सारेच आले, काका. माह्ये चोपन्न आठशे हायेत."

"बावा, तुह्या एकट्यासाठी काटा खाली नेला तं सारे उघडे पडतीन. झाकली मूठ सवा लाखाची. जा, जेवून घे."

यांचे डोळे भरून आले. मला वाटलं तो पुंडलिकराव रोडग्यासारखा गोवऱ्यांत भाजावा. माझा नवरा नऊ दिवस उपाशी राहिला, आणि त्या उपाशी राहण्याकडे या गावात बघणारा एक माणूस नव्हता.

हे वळले ते थेट चुलीकडे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून काढलेले रोडगे टोपलीत होते, शेजारी वांग्याच्या भाजीनं भरलेला मोठा गंज, वर हातभर तर्री. यांनी एक रोडगा उचलला, फोडला, त्यावर बेबीताईनं तुपाची धार सोडली. यांनी घास तोंडापाशी नेला.

"थांबा!" मी ओरडले.

"आता काय व?"

"घास खाल्ला की गेलं सारं. मंग जगातला कोनताच काटा सांगनार नाई, का तुमी आत होते."

"कोनी पाह्यनारच नाई तं कायले थांबू?" पण घास खाली आला. तुपाचा थेंब बोटावरून मनगटावर गेला आणि हे त्या थेंबाकडे बघत राहिले. तो चाटला नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, मला माझ्या नवऱ्याबद्दल इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

मी जफरभाऊंकडे गेले. ते बिचारे रॅम्पच्या पायथ्याशी डोक्याला हात लावून बसले होते. पंचवीस वर्षांत त्यांच्या काट्याला कोणी खोटं ठरवलं नव्हतं.

"जफरभाऊ, काटा खाली नेता येत नाई. पन तुमची वजनं वर नेता येतात का नाई? ठरावात वजनाईले कोनी मना केलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश उठले. "भाभी," ते म्हणाले, "ये तो मेरेकूच सुचना मंगता था."

लोखंडी वजनं चार होती. वीसची दोन, दहाचं एक, पाचचं एक. जफरभाऊंनी पहिलं वीसचं उचललं, सगळ्यांना त्यावरचा शिक्का दाखवला आणि काट्यावर ठेवलं. आकडा आला साडेअठरा. मंडपात शेंगदाणे खाणं थांबलं. दुसरं वीस. सदतीस. दहा ठेवलं, शेहेचाळीस चारशे. शेवटी पाच.

"पंचावन्न किलो, सरकारी शिक्के का," जफरभाऊ माईकशिवायच ओरडले. "पढो, क्या आया!"

काट्यावर आलं होतं एक्कावन्न किलो.

बारावी न झालेल्यालाही कळावं असं ते होतं. या उतारावर खरे पंचावन्न एक्कावन्न दिसतात. जो एक्कावन्नच्या वर, तो पंचावन्नच्या वर. दुपारपासूनचे आकडे फळ्यावर खडूनं लिहिलेले होते. चोपन्न सातशे, चोपन्न दोनशे, त्रेपन्न नऊशे, बावन्न सहाशे. लोक वरून खाली वाचत गेले. अंकुरनं फळ्याकडे पाठ केली. विमलताईंनी पदर सावरला, त्यांचे सहा किलो परत आले होते.

"लोखंडाचंही वजन कमी झालं!" पुंडलिकराव घाईघाईनं म्हणाले. "म्हंजे रॅम्प कोनाशीच पक्षपात करत नाई!" पण या वेळी टाळी वाजली नाही.

जफरभाऊंनी एकेक वजन उतरवलं, फडक्यानं काटा पुसला आणि आमच्या यांच्याकडे बघून फक्त मान हलवली.

हातातला रोडगा यांनी माझ्याकडे दिला. रॅम्प चढताना यांनी कोणाचा हात धरला नाही, आणि मीही दिला नाही. हात दिला असता तर आकडा बिघडला असता. पुंडलिकरावांना मी नजरेनंच दोन पावलं मागे सरकवलं. हे काट्यावर उभे राहिले, दोन्ही हात अंगाला चिकटवून, शाळेत राष्ट्रगीताला उभं राहतात तसे.

पन्नास किलो आठशे.

अख्ख्या फळ्यावर एक्कावन्नच्या खाली तेवढा एकच आकडा होता. कोणी हसलं नाही. मागे उभी असलेली म्हातारी माणसंही टाचा उंचावून बघत होती. आमची सुरभी पहिल्या रांगेतल्या पोरांमध्ये होती. तिनं शेजारच्या पोराला कोपरानं ढोसलं आणि त्याच्याकडे न बघता समोर बघत राहिली. जफरभाऊ खडू घेऊन फळ्याकडे गेले आणि 'तीनशे ग्राम'वर आडवी रेघ मारली. पण पुढे काय लिहायचं ते त्यांना आठवेना. त्यांनी वळून विचारलं, "भाऊ, तुमचं पूरं नाव काय हाये?"

यांनी नाव सांगितलं. वडिलांचं, आडनावासकट, सगळं. आवाज फाटका निघाला, पण मागच्यांना ऐकू गेला.

पहिल्या सामन्याची शिट्टी झाली. आमच्या गावाविरुद्ध वणी. माईकवरून पुंडलिकरावांनी कॅप्टनला बोलावलं, आणि फळ्यावर बघून पूर्ण नावानं बोलावलं. हे काट्यावरून उतरून सावकाश माझ्यासमोर आले. माझ्या हातात अजून तो तुपाचा रोडगा होता.

"दिपाली, पाह्यलं न साऱ्याईनं?"

"पाह्यलं."

"सुरभीनं?"

"तिनंही."

माईकवर पुन्हा नाव आलं. तिकडे संघ वाट बघत उभा होता, वणीवाले मांड्या थोपटत होते. हे चुलीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले आणि पुढ्यात पत्रावळ ओढली.

"मंग वाढ," हे म्हणाले.